साइट स्लो आहे? सर्व्हर बदलायच्या आधी हेडर बघा

संपादक साहेब, नमस्कार

वेबसाइट स्लो होण्यावरचा तुमच्या पेपरमधला लेख वाचला. रॅम वाढवा, मोठा सर्व्हर घ्या, हे सगळं आहे त्यात, पण आत्ताचा सर्व्हर ब्राउझरला काय उत्तर देतोय ते आधी तपासा हे कुठंच नाही आणि तेच खटकलं, कारण बऱ्याचदा दुखणं तिथंच सापडतं आणि एक रुपयाही न घालवता बरं होतं.

प्रत्येक फाइलच्या आधी सर्व्हर काही ओळी पाठवतो, ते रिस्पॉन्स हेडर. एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिलोड करा आणि पहिल्या ओळीवर क्लिक करा, सगळं समोर येतं. पहिला बाइट यायला किती वेळ लागला ते टायमिंगमध्ये दिसतं. गूगलच्या मते ०.८ सेकंदापर्यंत ठीक, त्याच्या बरंच पुढं जात असेल तर डेटाबेस नाहीतर एखादं प्लगइन अडकतंय, ते शोधा.

पण पहिला बाइट पटकन येतो आणि तरी पान रेंगाळतं, तेव्हा कॅश-कंट्रोल बघायचं, म्हणजे ब्राउझरनं फाइल स्वतःजवळ (कॅशमध्ये) ठेवायची का आणि किती वेळ, हे सांगणारं हेडर. लोगो, फॉन्ट, सीएसएस (पानाच्या सजावटीची फाइल) सगळ्यावर नो-स्टोअर लावून ठेवलेलं असतं, म्हणजे माणूस दहाव्यांदा आला तरी सगळं पुन्हा डाउनलोड! नो-कॅश आणि नो-स्टोअर एकच समजतात लोक, तसं नाहीये. नो-कॅशमध्ये ब्राउझर फाइल ठेवतो, फक्त वापरण्याआधी सर्व्हरला विचारतो, बदल नसेल तर ३०४ हा ‘बदल नाही’ सांगणारा कोड येतो आणि फाइल परत येत नाही. नो-स्टोअर म्हणजे ठेवायचंच नाही, ते लॉगिननंतरच्या खासगी पानांना हवं आणि तिथून ते कृपा करून कोणी काढू नका, नाहीतर एकाचं खातं दुसऱ्याला दिसायची भीती. ज्या फाइलचं नाव प्रत्येक बदलासोबत बदलतं तिला मॅक्स-एज (फाइल किती सेकंद ठेवायची तो आकडा) ३१५३६००० बिनधास्त द्या, एक वर्ष होतं ते.

दुसरं हेडर कंटेंट-एन्कोडिंग, फाइल दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवली का ते यात कळतं. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टवर तिथं जीझिप, बीआर किंवा झेडएसटीडी अशी दाबण्याची एखादी पद्धत दिसली पाहिजे, नसेल तर मजकूर न दाबता पूर्ण वजनाने येतोय. फोटोंवर नसेल तर चालतं, जेपेग आधीच दाबलेला असतो.

तपासताना मात्र सांभाळा. नेटवर्क टॅबमध्ये डिसेबल कॅशवर टिक राहिली असेल तर कॅश चालत नाही असंच वाटणार. आणि साधं कर्ल (कमांड लिहून पान मागवायचं टूल) कॉम्प्रेशन मागतच नाही, त्याला --compressed द्यावं लागतं, ते न देता जीझिप बंद आहे म्हणून होस्टिंगवाल्याशी भांडणारे खूप आहेत.

पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा नेटवर्क टॅबचा एक फोटो आणि या दोन हेडरची नावं तेवढी टाकाच, छोट्या साइटवाल्यांचे उगाच जाणारे पैसे वाचतील.

तुमचा एक नियमित वाचक