प्रत्येक विहिरीला दोर

चाळीसगाव,
रविवार रात्र

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसतं "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिला. ते काही उत्तर नव्हतं. मला बोलताना सुचत नाही, म्हणून लिहितोय.

ॲनालिसिसच्या इंटर्नलला २० पैकी ६ मिळाले, हे मी ऐकलं. पण त्यानंतर तू जे म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "आप्पा, मला गणित कधी येतच नव्हतं, मला फक्त गणितं येत होती." ताई, हा फरक कळायला मला नोकरीची चार वर्षं लागली. तुला एस.वाय.ला, पहिल्या सहामाहीत कळला.

मी टी.वाय.ला सिद्धता पाठ केल्या होत्या. गाइडमधून, पानच्या पानं, स्वल्पविरामासकट. फर्स्ट क्लास मिळाला, पेढे वाटले. मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून "ही कशावरून आली?" असं कोणी विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण कोणी विचारलं नाही. विचारलं ते थेट शाळेत, नववीतल्या एका मुलीने. दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांचा अपूर्णांक म्हणून लिहिता येत नाही, असं मी फळ्यावर लिहिलं, तर ती म्हणाली, "सर, पुढे हजार घरांनंतर कुठेतरी आकडे परत परत यायला लागत असतील तर?" सिद्धता मला तोंडपाठ होती. पण आकडे परत परत यायला लागले तर ती संख्या अपूर्णांकच ठरेल, म्हणजे सिद्धता हीच त्या मुलीच्या शंकेचं उत्तर आहे, हे मला फळ्यापुढे उभं असताना पहिल्यांदा समजलं. घरी येऊन मी कॉलेजची वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. त्या तीन वर्षांची मला अजून हळहळ वाटते. तुझ्या त्या ६ मार्कांची वाटत नाही.

सातवीच्या सुट्टीतली ती उभी वही आठवते का? गच्चीवर बसून तू कॅल्क्युलेटरवर १ + १/२ + १/३ + १/४ असं मिळवत गेली होतीस. ११ पदांना ३ ओलांडले, ३१ ना ४, ८३ ना ५. मग तू वैतागून म्हणालीस, "आता हे थांबणार. एवढंएवढंसं काय मिळवायचं!" मी तुला गट करायला सांगितले. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त. पुढचे चार, १/५ ते १/८, मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढचे आठ, मग सोळा. तू थोडा वेळ वहीकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "म्हणजे अर्धे कधी संपणारच नाहीत. म्हणजे हे कुठेच थांबणार नाही." चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेमने हीच युक्ती वापरली होती. नुसती १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात. कॅल्क्युलेटर तुला त्या सुट्टीत तिथवर नेऊ शकला नसता, आणि नेलं असतं तरी "पुढे काय" हे त्याला सांगता आलं नसतं. ते तू सांगितलंस. त्या दिवशी तुला गणितं नाही, गणित आलं होतं. म्हणून "कधीच येत नव्हतं" हे मला मान्य नाही.

आता एप्सिलॉन-डेल्टाचं, म्हणजे सीमेच्या (लिमिटच्या) व्याख्येचं. तू म्हणालीस, व्याख्या वाचते, सगळे शब्द कळतात आणि तरी काहीच कळत नाही. न्यूटन आणि लायब्निट्स यांनी कलनशास्त्र सतराव्या शतकात उभं केलं, पण सीमेची आज तुम्हाला शिकवतात तशी नेमकी व्याख्या एकोणिसाव्या शतकात, कोशी आणि वायरश्ट्रास यांच्या हातून घडत गेली. जर्मन गणिती रिचर्ड डेडेकिंड १८५८ साली झुरिकमध्ये हाच विषय शिकवत होते, वय २७. वाढत जाणारी पण मर्यादेबाहेर न जाणारी राशी कुठल्या तरी सीमेकडे जातेच, हे वर्गात सांगताना त्यांना आकृतीचा आधार घ्यावा लागे आणि ते त्यांना टोचत होतं. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला त्यांना वाट सापडली. छापलं मात्र १८७२ मध्ये. शिकवणाऱ्यालाच जे खटकत होतं ते शिकणाऱ्याला पहिल्या वाचनात पचत नाही, यात तुझं काही उणं नाही.

मी कशी वाट काढली ते सांगतो. व्याख्या इंग्रजीत वाचायची, पुस्तक मिटायचं आणि ती मराठीत, आईला सांगतोय अशी लिहायची. सातत्य आणि एकसमान सातत्य (कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी) यांत मी फार अडलो होतो. दोन्हींत तेच शब्द, फक्त जागा बदललेल्या. शेवटी असं लिहिलं: "प्रत्येक विहिरीला पुरेल असा दोर आहे." आणि त्याखाली: "असा एक दोर आहे, जो प्रत्येक विहिरीला पुरेल." बघ, शब्द जवळजवळ तेच. पण पहिल्या गावात प्रत्येकाने आपापला दोर घेऊन जायचं, दुसऱ्या गावात एकच दोर सगळ्यांत फिरतो. पहिलं गाव म्हणजे सातत्य, दुसरं म्हणजे एकसमान सातत्य. आता १ भागिले क्ष हे फल (फंक्शन) ० आणि १ च्या मधे घे, टोकं वगळून. प्रत्येक बिंदू ही एक विहीर, आणि डेल्टा जितका बारीक घ्यावा लागेल तितकी ती खोल. एप्सिलॉन, म्हणजे फलाच्या किमतीत किती फरक चालेल ते, ठरवून टाक; डेल्टा म्हणजे त्यासाठी क्ष किती जवळ ठेवायचा ते. शून्याकडे सरकशील तसा डेल्टा बारीक बारीक घ्यावा लागतो, म्हणजेच विहिरी खोल खोल होत जातात. प्रत्येकीला दोर मिळतो, पण कितीही लांब दोर आणलास तरी तो जिला पुरणार नाही अशी विहीर पुढे असतेच. हे लिहून झालं त्या रात्री मी तुझ्या आईला उठवून सांगितलं होतं. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

मराठीत लिहायला लाजू नकोस. पाटणादेवीला गेलो होतो तेव्हा पाटण्याच्या शिलालेखाबद्दल सांगितलं होतं, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला. लेख संस्कृतात आहे, पण मठाला कोणी काय द्यायचं हा भाग त्या काळच्या मराठीत आहे, कारण तो देणाऱ्याला कळायला हवा होता. परीक्षेत इंग्रजीतच लिही. पण समजायच्या वहीत कोणती भाषा हे विद्यापीठ ठरवत नाही.

दुसरं एक. व्याख्येचा नकार लिहून बघत जा. "हे फल इथे सतत नाही" म्हणजे नेमकं काय? "प्रत्येक" चं "एखादा" होतं, "आहे" चं "कुठलाही घ्या, चालत नाही" होतं. हे अडखळल्याशिवाय जमलं की व्याख्या आपली झाली असं मी समजतो.

"गणित घेऊन पुढे काय" हे आत्या विचारते, विचारू दे. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा आहे, संख्याशास्त्राकडे वळता येतं, शिकवता येतं. उन्हाळ्यात एम.टी.टी.एस.चं, गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीचं, शिबिर असतं, त्याला अर्ज कर. तिथे पाठांतर चालत नाही असं ऐकून आहे, म्हणून तुझ्यासाठी मला ते हवंय. आणि सगळं करूनही विषय बदलावासा वाटला तर बदल, फी मी भरीन. फक्त त्या ६ मार्कांकडे बघून ठरवू नकोस.

आता माझं एक काम कर. ० ते १, या वेळी दोन्ही टोकं धरून, आणि फल क्ष चं वर्गमूळ. अंतराल बंद आहे, म्हणजे सगळ्या विहिरींना पुरणारा एक दोर असणार असं प्रमेय सांगतं. पण आलेख शून्यापाशी जवळजवळ उभा चढतो, आणि मला तिथे सारखं वाटतं की दोर अपुरा पडेल. दोन रात्री बसलोय. एप्सिलॉन दिला तर डेल्टा नेमका किती घ्यायचा? सुचलं की वहीचा फोटो पाठव, खाडाखोडीसकट.

तुझा,
आप्पा