फोटोवाल्यांच्या घरातला धोंड्याचा महिना

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात बातमी आली होती की अधिक महिन्यामुळं लग्नसराई मध्येच थांबली आणि मंडपवाले, बँडवाले, आचारी, फोटोग्राफर सगळ्यांचं नुकसान झालं. बातमी खरी आहे, आमचं पण झालं. पण ती वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतीये, ती सांगावी वाटली म्हणून पहिल्यांदाच पेपरला लिहितीये, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बार्शीतल्या एका फोटोग्राफरच्या घरातली मोठी सून. सासऱ्यांनी, आम्ही त्यांना मामा म्हणतो, १९८७ साली स्टुडिओ टाकला. आता आमचे हे आणि धाकटे भाऊजी ऑर्डरी बघतात, मी घरी कॉम्प्युटरवर अल्बम डिझाईन करते, जाऊबाई दुकान सांभाळतात, पासपोर्ट फोटो, फ्रेम, झेरॉक्स, आणि आलेल्या माणसाची तारीख डायरीत लिहून अ‍ॅडव्हान्स घेणं हे सगळं त्यांच्याकडं. दुकानावर पाटी एकाच्या नावाची असली तरी काम अख्ख्या घराचं असतं. हे काही आमच्यातच नाही, दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला पहिला चित्रपट केला तेव्हा फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करत होत्या आणि शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक पण त्याच करत होत्या. हे मामांनी मला लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, फोटोशॉप शिकायला बसवताना.

तर यंदाचा, २०२६ चा उन्हाळा. जानेवारीत शुक्राचा अस्त म्हणून तिथं तारखा नव्हत्या आणि १७ मे पासून १५ जून पर्यंत अधिक ज्येष्ठ, त्यामुळं ज्यांना उन्हाळ्यातच उरकायचं होतं त्या सगळ्यांनी १६ मेच्या आतल्या तारखा धरल्या. एकेका तारखेला आमच्याकडं तीन तीन लोक विचारायला यायचे, आम्ही दोन घ्यायचो आणि तिसऱ्याला हात जोडायचो. हे वैरागच्या बाजूला, भाऊजी कुर्डुवाडीकडं, सोबत दोन दोन पोरं, एक लाईट धरायला आणि एक व्हिडिओला. सकाळी साडेपाचला गाड्या निघायच्या. आदल्या रात्री हळद, दुसऱ्या दिवशी साखरपुडा, लग्न, जेवणं, वरात, परत यायला रात्रीचा एक दीड. बाहेर ४२-४३ डिग्री ऊन आणि पत्र्याच्या मंडपात त्याच्यापेक्षा जास्त, कॅमेऱ्याची बॉडी हाताला चटका देती इतकी तापती.

ते आले की माझं काम सुरू. पहिल्यांदा कार्डं काढून घेऊन दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी मारायची, दोन्हीकडं उघडून बघायचं, आणि तोवर कार्डाला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला देवपूजेसारखा नियम आहे. कारण लग्न परत होत नाही. एका लग्नाचे तीन हजार फोटो सहज होतात, त्यातनं दीड दोनशे निवडून बारा बाय छत्तीस इंची पानांवर बसवायचे. सगळ्यात वेळ हळदीचे फोटो खातात. हल्ली हळदीचा मंडप पिवळा, कापड पिवळं, साड्या पिवळ्या, वरनं जांभळ्या रंगाचे लाईट, त्यात नवरीच्या चेहऱ्याचा खरा रंग शोधून काढायचा म्हणजे मी एकेका फोटोवर दहा दहा मिनिटं बसते. नवरीचा रंग गोरा करून द्या म्हणणारे असतात, पण मी आहे तसाच ठेवते, जरा उजेड वाढवते तेवढंच, कारण वीस वर्षांनी तिच्या पोरीनं अल्बम उघडल्यावर त्यात तिची आई दिसली पाहिजे.

आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, एक काम ठरलेलं. बॅगा त्या झटकतात. कॅमेऱ्याच्या बॅगेत प्रत्येक लग्नाच्या अक्षता येतात, पिवळ्या, तांबड्या, हल्ली ज्वारीच्या पण असतात, लेन्सच्या कप्प्यात, फ्लॅशच्या पिशवीत, बुटात सुद्धा. आत्या त्या सगळ्या एका परातीत गोळा करतात, रंगाच्या असतात म्हणून धुवून वाळवतात आणि सकाळी गच्चीवर चिमण्यांना टाकतात. अक्षता केरात जाऊ द्यायच्या नाहीत, कुणाच्या तरी लेकरांच्या डोक्यावर पडलेल्या आहेत म्हणतात. सिझनला आमच्या गच्चीवर चिमण्या कमी पडत नाहीत.

आता जे सांगायचंय ते. साहेब, एवढ्या लग्नांत आमची माणसं असतात, बुंदी, जिलेबी, मसालेभात, वांग्याची भाजी सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात असतं, पण त्यांना गरम जेवण क्वचित मिळतं. मंगलाष्टका झाल्या की लोक पंगतीला किंवा बुफेला पळतात आणि नवरा नवरी स्टेजवर आहेराला उभी राहतात, म्हणजे फोटोवाला पण तिथंच उभा. दोन अडीच तास लोक येत राहतात, पाहुणे जेवून येऊन फोटो काढतात, कुणी जेवायच्या आधी काढतात, आणि स्टेज रिकामं होईपर्यंत तिकडं आचारी भांडी गोळा करत असतो. मग साडेतीन चारला गार भात आणि तळाची भाजी. मुद्दाम कुणी करत नाही हे मला कळतं, लग्नघरात कुणाला शुद्ध असती. पण दोन वर्षांपूर्वी एका लग्नात, गावाचं आणि कार्यालयाचं नाव घेत नाही, भाऊजी सकाळी सातला चहावर निघालेले, दुपारी तीनला ताट घ्यायला गेले तर वाढप्यानं सगळ्यांच्यादेखत फोटोवाल्यांचं नंतर म्हणून ताट परत ठेवून घेतलं. ते काही न बोलता परत स्टेजवर आले आणि अर्ध्या तासानं कॅमेऱ्यासकट खाली बसले, चक्कर आली. कॅमेरा छातीशी धरून बसले म्हणून त्याला काही झालं नाही, ह्यांना फोन आला तेव्हा हे दुसऱ्या लग्नात होते आणि निघू शकत नव्हते. मामा मोटरसायकलवर गेले, ६६ वय होतं त्यांचं तेव्हा, भाऊजींना रसवंतीवर बसवून रस पाजला आणि उरलेलं लग्न स्वतः उभं राहून काढलं. नवरीच्या वडलांना कळलं तेव्हा ते खूप खजील झाले, माणूस चांगला होता, पण त्यांच्यापर्यंत गोष्ट आली ती संध्याकाळी.

मामांच्या वेळेला असं नव्हतं असं ते सांगतात. तेव्हा एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे, एका लग्नाला दोन रोल, फार तर तीन. मोजून मापून काढायचे, मध्ये बसायला वेळ असायचा, आणि फोटोवाला आला म्हणजे पाहुणा आला असं समजून पाट मांडायचे. अंतरपाट खाली येतो तो क्षण आणि हार घालतानाचा, याला दोन दोन फ्रेम, बास. रात्री डार्करूममध्ये लाल बल्ब लावून ब्लॅक अँड व्हाईटचे प्रिंट धुवायचे तेव्हा आत्या बाहेर पाण्याच्या बादल्या भरून ठेवायच्या. आता अंतरपाट खाली आला की पन्नास मोबाईल पुढं येतात आणि आमच्या माणसांना त्यांच्या कोपराखालनं फोटो काढावा लागतो, अल्बममध्ये मग नवरदेवाच्या कानाशी कुणाचा तरी हात असतोच. तो हात काढायला परत मी बसते.

मग १७ तारखेपासून अधिक महिना लागला आणि घर गप्प झालं. पहिले दोन दिवस तर हे नुसते झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले, चहा घेतला आणि मला विचारलं, पोरगी कितवीत गेली. चेष्टेत नाही, खरंच विचारलं, आणि मग बराच वेळ तिच्या दप्तराकडं बघत बसले.

म्हणजे याआधी उन्हाळ्यात कधीच घरी नव्हतो असं नाही. २०१८ ला पण १६ मे ते १३ जून अधिक ज्येष्ठ होता पण तेव्हा वरच्या मजल्याचं बांधकाम काढलेलं, सगळे सिमेंटमध्ये. २०२० ला लॉकडाऊन, २०२१ ला २५ माणसं आणि दोन तासात लग्न उरकायचा नियम, तेव्हा पण आम्ही घरातच होतो, पण ते दिवस आम्ही एकमेकांकडं न बघता काढले, एक चांगली लेन्स विकून हप्ते भरले. २०२४ ला मे जूनमध्ये गुरू शुक्र दोघांचा अस्त होता पण लोकांनी काढीव मुहूर्तावर लग्नं केलीच. अधिकात मात्र कुणी करत नाही. साधारण तेहतीस महिन्यांनी एकदा येणारा महिना, नेमका उन्हाळ्यात आला की आमच्यासारख्यांचा गल्ला रिकामा राहतो, पण यंदा तो मला देवानं धाडल्यासारखा वाटला.

कारण धोंड्याचं जेवण. नणंदबाई लातूरला दिलेल्या, त्यांना आणि दाजींना आत्यांनी बोलावलं. आमच्यात जावयाला अधिकात धोंडे खाऊ घालायचे, पुरण भरून उकडलेले, आणि ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा ठेवून वाण द्यायचं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवून कांडून गूळ घालून पीठ मुरत ठेवलं. तळायच्या दिवशी पहिले चार अनारसे कढईत हसले, सगळी जाळी सुटून तुपात पसरली. आत्या म्हणाल्या गुळ जास्त झालाय, अजून थोडी पिठी घाला, त्यानंतरचे नीट झाले. खसखस लावायला भाऊजी बसले, ज्या हातानं ते लेन्स पुसतात तसंच अगदी हळू, एकेक दाणा सारखा. मामा चुलीपाशी खुर्ची टाकून मोजत होते, एकतीस, बत्तीस, आणि तेहतिसावा मोडला तर म्हणाले परत कर, मोडका द्यायचा नाही.

त्या दिवशी सगळे एका वेळेला जेवायला बसले. खालीच, चटया टाकून, पोरं मधी. आम्ही बायका मागून बसणार होतो, रोजची सवय, तर मामांनी आत्यांचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाले सगळी ताटं एकदम वाढा, मागून कुणी बसायचं नाही. ह्यांनी धोंडा फोडला, त्यातनं वाफ आली, वर तूप ओतलं. हे नुसते त्या वाफेकडं बघत राहिले. मग म्हणाले, मे महिन्यात गरम जेवतोय. एवढंच म्हणाले. मी तोंड फिरवलं, मला रडू आवरलं नाही. बारा वर्षं मी ह्यांचे फोटो दुरुस्त करते, दुसऱ्यांच्या पंगती क्रॉप करते, वाढप्याची बादली फ्रेमबाहेर घालवते, पण त्या पंगतीत माझा माणूस नसतो हे असं समोर कधी आलं नव्हतं.

बाकी महिना कामात पण गेला. मागं पडलेले चौदा अल्बम पुरे केले, सगळे एकाच खोलीत, मी डिझाईन करतीये, जाऊबाई नावं तपासताहेत, भाऊजी व्हिडिओ मिक्सिंगला बसलेत, आणि नणंदबाई मामांच्या जुन्या निगेटिव्हची पाकिटं लावून ठेवताहेत. १९९१ चं एक लग्न निघालं त्यात, आता त्याच घरातल्या पोरीचं लग्न आम्ही एप्रिलमध्ये काढलंय. मामांनी ती निगेटिव्ह स्कॅन करायला लावली आणि पोरीच्या अल्बमच्या पहिल्या पानावर तिच्या आईवडलांचा फोटो टाकला, पैसे न घेता. ते घेऊन जातील तेव्हा त्यांचे चेहरे बघायचे आहेत मला. तयार अल्बम न्यायला न येणारे पण आहेत, कपाटात तीन वर्षांपासूनचे पडून आहेत, राहिलेल्या पैशामुळं येत नसतील तर तसं सांगावं, हप्ता करून देऊ, पण अल्बम घेऊन जावा, त्यात त्यांच्या घरातली म्हातारी माणसं आहेत जी आता नाहीत.

साहेब, १६ जूनपासून निज, म्हणजे नेहमीचा ज्येष्ठ लागतोय, राहिलेल्या तारखा सुरू होतील. तुमचा पेपर घरोघर जातो म्हणून विनंती करते. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी आचाऱ्याला संख्या सांगतानाच फोटोवाल्यांची धरून सांगा, आमची एका लग्नाला तीन माणसं असतात, कुणाची चार. आहेर सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं नवरा नवरीला पाणी प्यायला बसवा, त्यांना पण गरज असती, आणि तेवढ्यात पोरांना दोन दोन करून जेवू द्या. घरातल्या एका माणसाला, मामा असू दे, चुलता असू दे, एवढं एकच काम द्या की फोटोवाला जेवला का ते विचारायचं. जेवणाचे पैसे आमच्या बिलातनं कापले तरी चालतील. आणि मंडपवाले, बँडवाले, लाईटवाले यांचं पण हेच आहे, बँडची पोरं तर आमच्यापेक्षा लहान असतात.

आमच्या घरात २० जूनची पहिली तारीख आहे, पांगरीकडची. आत्यांनी बॅगा झटकून, उन्हं देऊन ठेवल्यात आणि प्रत्येक बॅगेत शेंगाचटणी भाकरीचा डबा बसेल असा एक कप्पा जाऊबाईंनी शिवून घेतलाय.

आपली विश्वासू,
एका फोटोग्राफरच्या घरातली सून,
बार्शी, जि. सोलापूर