लिहिण्यासारखं खूप आहे, बाबा

तीर्थरूप आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी आठवणी लिहायचा विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे? नोकरी केली, संसार केला. सगळेच करतात." मागून आईनंही दुजोरा दिला. माझं म्हणणं फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र. सवडीनं वाचा, चष्मा लावून वाचा. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचून आईला ऐकवलंत तर फार बरं.

सुरुवात जरा लांबून करते. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीवर तिच्या घरापाशी चाकूहल्ला झाला आणि त्यात ती गेली. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पहिल्या पानावर बातमी आली, की ३८ शेजारी हे बघत होते आणि एकही मदतीला आला नाही. ती बातमी जगभर गेली. त्यातूनच पुढे १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग झाले. बघे जितके जास्त, तितकी मदतीची शक्यता कमी, हे मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं. विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या ते शिकल्या. माणूस मुळात अंग काढून घेणारा प्राणी आहे, असं म्हणायला लोकांना एक हुकमी दाखला मिळाला.

ती बातमीच धड नव्हती. बहुतेक शेजाऱ्यांनी काही पाहिलं नव्हतं, अर्धवट ओरडणं तेवढं ऐकलं होतं. एकानं खिडकीतून हल्लेखोरावर आरडाओरडा केला तेव्हा तो पहिल्यांदा पळूनही गेला होता. आणि सोफिया फरार नावाची एक शेजारीण कळल्याबरोबर जिना उतरून धावत गेली होती. हल्लेखोर अजून तिथेच आहे की गेला, हे तिला माहीत नव्हतं. तरी ती गेली आणि मदत येईपर्यंत किटीला कुशीत धरून बसली. म्हणजे किटी एकटी नव्हती. तिच्या भावाला हे कळायला कित्येक वर्षं लागली. २०१६ मध्ये त्याच वर्तमानपत्रानं आपली मूळ बातमी सदोष होती हे मान्य केलं. तोवर पन्नास वर्षं उलटली होती आणि ३८ हा आकडा लोकांच्या तोंडी पक्का बसला होता.

मला या गोष्टीचा फार त्रास होतो. सोफिया फरार घरी परतली असेल, कपडे बदलले असतील, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागली असेल. तिनं गाजावाजा केला नाही. आणि जग मात्र "कुणीच आलं नाही" हे घोकत राहिलं.

आता याच्या उलट पुरावाही आहे. रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँकेस्टर, अॅमस्टरडॅम आणि केपटाउन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं तपासली. दहापैकी नऊ वेळा आजूबाजूच्या कुणी ना कुणी मध्ये पडून काहीतरी केलं होतं. कुणी दोघांच्या मध्ये उभं राहिलं, कुणी हाताला धरून बाजूला नेलं, कुणी मार खाल्लेल्याला सावरलं. आणि माणसं जास्त असली तर मदत मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली. हे आपल्याला आश्चर्याचं वाटतं, कारण असं करणारा माणूस ते सांगत सुटत नाही. तो तुमच्यासारखंच म्हणतो, "सगळेच करतात."

आई, आता तुझ्याकडे वळते. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे एक गृहस्थ होते. चौदाव्या वर्षी त्यांच्या छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि अनोळखी लोकांनी दिलेल्या रक्तावर ते वाचले. वयात आल्यावर आपणही रक्त द्यायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. १९५४ मध्ये त्यांनी सुरुवात केली. पुढे कळलं, की त्यांच्या रक्तात एक दुर्मीळ प्रतिपिंड (अँटीबॉडी) आहे. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचं पॉझिटिव्ह असलं, की आईचं शरीर बाळाच्या रक्तपेशींना परकं समजून त्यांच्यावर हल्ला करू शकतं. पुढच्या गर्भारपणात ते बाळाच्या जिवावर बेतू शकतं. ते टाळणारं 'अँटी-डी' इंजेक्शन हॅरिसन यांच्यासारख्यांच्या रक्तद्रवातून तयार होतं. २०१८ मध्ये ८१ व्या वर्षी नियमानं थांबावं लागलं, तोवर त्यांनी ११७३ वेळा दान केलं होतं. त्यातून सुमारे २४ लाख बाळांना मदत झाली, असा तिथल्या रेडक्रॉसचा अंदाज आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले.

पण मी त्यांच्याबद्दल तुला लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांना सुईची भीती वाटायची. शेवटपर्यंत. सुई आत जाताना त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही, छताकडे बघायचे, नर्सशी बोलायचे. साठहून जास्त वर्षांत भीती काही गेली नाही, आणि हातही त्यांनी मागे घेतला नाही.

हे वाचलं आणि मला तू आठवलीस. दवाखान्यात इंजेक्शन बघून घेरी येणारी तू. आजीला अर्धांगवायू झाला, गिळता येईना, आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, तेव्हा नर्सनं तुला एकदाच दाखवलं. प्रत्येक वेळी आधी सिरिंजनं ओढून नळी जागेवर आहे ना ते बघायचं, उशाकडून उंच करून बसवायचं, पातळ आहार हळूहळू सोडायचा, नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ द्यायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहिल्या दिवशी तुझे ओठ पांढरे पडले होते, मला स्पष्ट आठवतं. तू भिंतीला टेकलीस, डोळे मिटलेस, उघडलेस आणि सिरिंज उचललीस. त्यानंतरची वर्षं तू मोजली नाहीस. आजीच्या पाठीवर शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही, हे तपासायला आलेल्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं आणि तू दोन्ही वेळा विषय बदललास.

आणि तू तिच्याशी बोलायचीस. तिची वाचा गेली होती, तरी आज कोण आलं, बाहेर पाऊस आहे का, मी परीक्षेत काय लिहिलं, सगळं सांगायचीस. हे कुणी तुला शिकवलं नव्हतं.

मला विचाराल तर एका क्षणात उडी घेण्यापेक्षा हे अवघड आहे. उडी घेणाऱ्याला मागं वळायला वेळच नसतो. तुला रोज सकाळी मागं वळता आलं असतं. यात उडी घेणाऱ्याचं मी काही कमी करत नाही. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्टेशनवर अंध आईच्या हातातून सुटून मूल रुळांवर पडलं आणि समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके धावले, ते चित्रण तुम्ही दोघांनी पाहिलंय. आपलाही जीव जाईल, असं क्षणभर मनात आलं होतं, हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलं. तरी धावले. बक्षिसातले निम्मे पैसेही त्या मुलालाच देऊ केले. पण ते आपल्याला कळलं, कारण फलाटावर कॅमेरा होता.

बाबा, तुमच्या विजेच्या खांबापाशी कॅमेरा नव्हता.

त्या रात्रीबद्दल तुम्ही घरी कधी बोलला नाहीत. तुमच्या निरोप समारंभाला तुमचा जुना मदतनीस मला बाजूला घेऊन बोलला, म्हणून मला माहीत. वादळात अकरा हजार व्होल्टची लाइन तुटलेली, गावभर अंधार, खाली जमाव जमलेला, कुणी शिव्या देतंय, कुणी दगड उचलतंय. वरिष्ठांचा फोनवर फोन, "लाइन बंदच आहे, चढव माणूस." तो मदतनीस तेव्हा पोरगाच, त्यानं पट्टा बांधलेला, एक पाय खांबावर. आणि तुम्ही म्हणालात, परमिट, म्हणजे लाइन बंद केल्याचा लेखी परवाना, हातात आल्याशिवाय आणि तारेतली वीज जमिनीत उतरवणारा रॉड लावल्याशिवाय माझा माणूस चढणार नाही. वरिष्ठ लोकांसमोर वाटेल ते बोलले. तुम्ही आवाज चढवला नाहीत आणि जागाही सोडली नाहीत. परमिट आलं, तुम्ही स्वतः डिस्चार्ज रॉड लावायला गेलात आणि तारेला रॉड टेकताच ठिणगी पडली. कुणीतरी घरचा जनरेटर चेंजओव्हर न करताच, म्हणजे घर बाहेरच्या लाइनपासून न तोडताच, सुरू केला होता. तो करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरून बंद लाइनवर अकरा हजारांनी चढला होता. तो पोरगा त्या तारेपासून काही हातांवर उभा होता.

आता बघा ना, त्या रात्री काय घडलं? काहीच नाही. कुणी मेलं नाही, कुणी भाजलं नाही. म्हणून पेपरात ओळ आली नाही, दफ्तरात फक्त वीज उशिरा आल्याची नोंद झाली आणि तुम्हाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तुम्ही चार ओळींचं उत्तर दिलंत. जो अपघात टळतो त्याचा पंचनामा होत नाही. टाळणाऱ्याच्या हातात दाखवायला काही उरत नाही, उलट उशीर केल्याचा ठपका उरतो. जगातलं किती धैर्य असं मागे काही न ठेवता संपत असेल, याचा विचार केला की मला बसवत नाही. त्या मदतनिसाची मुलगी आता शिक्षिका आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, कारण तिच्या लग्नाला तुम्ही गेला होतात. पण तिला त्या रात्रीचं काही ठाऊक आहे का?

म्हणून लिहा म्हणते. निकोलस विंटन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९३९ मध्ये, युद्ध पेटण्याआधी, प्रागहून ६६९ मुलं, त्यांतली बहुतेक ज्यू, सुखरूप इंग्लंडला आली. मुलांसाठी घरं आणि परवाने मिळवायची लंडनमधली खटपट विंटन यांनी केली. प्रत्यक्ष प्रागमध्ये धोक्यात राहून काम केलं ते डोरीन वॉरिनर, ट्रेव्हर चॅडविक आणि इतरांनी, आणि खरं श्रेय त्यांचं, असं विंटन स्वतः सांगत. हे सगळं उजेडात आलं ते १९८८ मध्ये, कारण एक जुनी चिकटवही शिल्लक होती. तिच्यात मुलांची नावं होती. त्या नावांमुळे म्हातारपणाकडे झुकलेल्या कितीतरी माणसांना पहिल्यांदा कळलं, की आपण कसे वाचलो. वही नसती तर?

लंडनमध्येच पोस्टमन्स पार्क नावाची एक छोटी बाग आहे. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकारानं १८८७ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं, की व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दुसऱ्याला वाचवताना मेलेल्या साध्यासुध्या माणसांचं स्मारक करू या. कुणी मनावर घेतलं नाही. मग १९०० मध्ये त्यानं स्वतःच ते उभं केलं. भिंतीवर टाइल्स आहेत. प्रत्येकीवर नाव, बहुधा कामधंदा, काय केलं आणि तारीख. विशेषणं फार नाहीत. आगीतून लहान मुलींना बाहेर काढणारी, गवंड्याच्या हाताखालच्या मजुराची मुलगी अॅलिस एअर्स त्यात आहे. मला ती लिहिण्याची रीत फार आवडते. तुम्हीही तसंच लिहा.

वॉट्सनं फक्त जीव गमावलेल्यांना जागा दिली, एवढं मात्र मला पटत नाही. जिवंत राहून रोज उठणाऱ्यांची भिंत फार लांब होईल, म्हणूनही असेल. आई, खुब्याच्या ऑपरेशननंतर तू वॉकर घेऊन पुन्हा जिन्यापाशी उभी राहिलीस, तेव्हा तुझा हात कठड्यावर कसा घट्ट होता ते मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, उद्या करू. तू म्हणालीस, एक पायरी आज. त्या पायरीलाही माझ्या भिंतीवर जागा आहे.

बाबांचा हात थरथरतो, तर लिहायचा हट्ट नको. फोनवर बोलून रेकॉर्ड करा, मी उतरवून काढते. तारीख आठवत नसेल तर "पावसाळा होता" एवढं पुरे. मदतनिसाचं नाव मात्र पूर्ण सांगा, वडिलांच्या नावासकट. त्या वेळी कोण काय बोललं ते जसंच्या तसं हवं, शिव्यांसकट. वरिष्ठांबद्दल कडू लिहायचं नसेल तर नका लिहू, पण नोटिशीला दिलेलं उत्तर मला हवंय. कपाटातल्या हिरव्या फाइलमध्ये त्याची प्रत असेल, असं मला वाटतं. आई, आजीच्या उशाशी तू एक वही ठेवायचीस, किती वाजता काय दिलं, कूस कधी बदलली, त्याची. ती टाकू नकोस. मी येईन तेव्हा तिचं पान न् पान स्कॅन करणार आहे.

आणि एक गोष्ट मला खरंच माहीत नाही, ती दोघांनी सांगायची. त्या वादळाच्या रात्री बाबा घरी आले तेव्हा पहाट झाली असेल, मी झोपले होते. बाबा, ठिणगी पाहून घरी आल्यावर तुम्ही आईला काय सांगितलंत? आणि आई, तू काय म्हणालीस? दोघांनी वेगवेगळं सांगा, एकमेकांचं ऐकायच्या आधी.

तुमची लेक