माळ्याचे नाव राहून गेले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात असलेल्या चॅट्सवर्थ या कॅव्हेंडिश घराण्याच्या प्रासादावरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. दालने, चित्रसंग्रह आणि ड्यूकांची वंशावळ यांविषयी लेखात पुष्कळ आहे. परंतु बागेची बोळवण एका परिच्छेदात झाली आणि जोसेफ पॅक्स्टनचे नाव कुठेच आले नाही, याचे मनापासून वाईट वाटले.

शेतकरी कुटुंबात जन्मलेला पॅक्स्टन १८२६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सहाव्या ड्यूकचा मुख्य माळी झाला. रशियाच्या झारच्या अपेक्षित भेटीसाठी त्याने टेकडीवर सुमारे आठ एकरांचा तलाव खणून घेतला आणि पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या दाबावर, पाणी २९६ फुटांपर्यंत उडवणारे कारंजे १८४४ मध्ये सुरू केले. झार आलाच नाही. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील महाकाय कमळ १८४९ मध्ये त्याच्या हाताखाली फुलले, तेव्हा त्याने आपल्या लहान मुलीला त्याच्या पानावर उभे केले. पान बुडाले नाही, कारण त्याच्या खालच्या बाजूला मधोमध निघून कडेपर्यंत पसरलेल्या जाड शिरा असतात आणि त्यांना आडव्या शिरांनी बांधून घेतलेले असते. हीच रचना डोळ्यांपुढे ठेवून त्याने लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस हा लोखंड-काचेचा भव्य मंडप उभारला. एका माळ्याने वास्तुशास्त्राला दिलेली ही देणगी मला त्या प्रासादातल्या कोणत्याही चित्रापेक्षा मोलाची वाटते.

आपण रोज खातो त्या ग्रँड नैन केळीचा गटही ‘कॅव्हेंडिश’ म्हणूनच ओळखला जातो. मूळ मॉरिशसहून आलेले रोप पॅक्स्टनने काचगृहात जोपासले, त्याला १८३६ मध्ये फळे लागली, आणि नाव मिळाले ते मालकाचे!

लेखात एक चूकही आहे. पॅक्स्टनचे प्रचंड काचगृह आजही पाहता येते, असे त्यात म्हटले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळशाअभावी ते तापवता आले नाही, आतील झाडे मेली आणि १९२० मध्ये ते पाडण्यात आले. त्याच्या जोत्यात आता १९६२ मध्ये लावलेल्या कुंपणझाडांची भुलभुलैया आहे. ही दुरुस्ती, पॅक्स्टनच्या नावासह, पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक