हजेरीपट वाचताना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

सूतगिरणीत कामगार अधिकारी म्हणून तू रुजू झालीस, हे ऐकून फार समाधान वाटले. फोनवर सलग बोलताना मला धाप लागते, म्हणून मनातले लिहून पाठवतो आहे.

कार्डिंग खात्यात, म्हणजे जिथे यंत्रावर रुई विंचरून तंतू मोकळे करतात तिथे, मी २२ वर्षे काढली. रुईतली बारीक धूळ उजेडाच्या तिरिपेत तरंगताना दिसे, आणि पाळी सुटेपर्यंत ती भुवयांवर, कानांवर बसलेली असे. या धुळीने होणाऱ्या विकाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे ही त्याची पहिली खूण. पुस्तकांत तो दिवस सोमवार असतो. आमची सुट्टी गुरुवारी असल्याने माझा शुक्रवारी यायचा. दुसऱ्या दिवशी बरे वाटे, म्हणून मी मनावर घेतले नाही. पुढे तो त्रास आठवडाभर राहू लागला.

दम लागणाऱ्या माणसाची नोकरी एका दिवसात जात नाही. आधी तो ओव्हरटाइम सोडतो, मग रात्रपाळी टाळतो, ओझे उचलायची वेळ आली की शेजाऱ्याला विनवतो, रजा संपल्यावर बिनपगारी खाडे करतो आणि त्या खाड्यांबद्दल त्याला मेमो मिळतो. दवाखान्यात नोंद झाली तर काम जाईल, या भीतीने मी खोकला दाबत राहिलो, आणि ४७ व्या वर्षी ‘घरगुती कारणास्तव’ असे लिहून राजीनामा दिला. त्या दोन शब्दांचे मला आजही वाईट वाटते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत हा व्यावसायिक आजार म्हणून नोंदवलेला होता. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ताही होता. पण कारणच घरगुती लिहून दिल्यावर दावा कशाच्या आधारे करणार? तुझ्या आईने शिलाई मशीन घेतले ते त्याच वर्षी.

मी बिडीही ओढत असे, हे लपवत नाही. धूळ आणि धूर मिळून फुफ्फुसांची हानी अधिक होते. परंतु बिडीकडे बोट दाखवून धुळीची चौकशी टाळली जाते, तेवढे तू होऊ देऊ नकोस.

आता हजेरीपट तुझ्या टेबलावर येईल. ब्लो रूम (जिथे गासड्या फोडून रुई साफ करतात) आणि कार्डिंगमधील कोणाचे खाडे सुट्टीनंतरच्याच दिवशी वारंवार पडतात, ते पाहा, आणि मेमो काढण्याआधी फुफ्फुसांची ताकद मोजणारी, नळीत फुंकण्याची त्याची तपासणी पाळीच्या सुरुवातीला व शेवटी करून घे. वेळीच त्याची धुळीपासून दूरच्या खात्यात बदली झाली, तर त्याची कमावती वर्षे वाचू शकतात. मात्र पगार तोच राहायला हवा. तो कमी होणार असेल तर माणूस खोकला लपवील, हे मी स्वतःवरून सांगतो.

आणि कोणी ‘घरगुती कारणास्तव’ लिहिलेला कागद घेऊन आला, तर त्याला आधी खुर्चीवर बसव, त्याची धाप खाली बसू दे, आणि मग कारण विचार.

तुझे
बाबा