विन्याला पत्र: सिनेमा गाण्याचा, आणि मागच्या रांगेतला फोन

जळगाव,
22 नोव्हेंबर 2015

प्रिय विन्या,

फराळाचा डबा पोचला का? वहिनींना अनारसे आवडले असतील तर कळव, आईला बरं वाटेल. बाकी घरची खबरबात नंतर. आधी कालचं सांगतो, कारण ते तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

काल 'कट्यार काळजात घुसली' पाहिला. लागला पाडव्याला, पण घरात ताई-दाजी, भाचरं, भाऊबीजेची गर्दी. ती पांगली आणि मगच जायला मिळालं. तू अजून पाहिला नसशील तर पाहाच. मूळ संगीत नाटक 1967 चं, दारव्हेकरांचं लिखाण, अभिषेकीबुवांच्या चाली आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. तुमच्या ओसरीवर रेडिओ लावून ती पदं आपण किती ऐकली! आता पडद्यावर सचिन पिळगावकर खाँसाहेब झालाय आणि गळा आहे वसंतरावांच्याच नातवाचा, राहुल देशपांडेचा. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी म्हणजे शंकर महादेवन, तो स्वतःचं स्वतः गातो. पंडितजींचा शिष्य सदाशिव म्हणजे सुबोध भावे, दिग्दर्शनही त्याचंच, आणि त्याला आवाज महेश काळेचा. 'घेई छंद मकरंद' दोन्ही ढंगांनी घेतलंय. शब्द तेच, पण पंडितजी गातात तेव्हा ते शांतपणे उलगडत जातं आणि खाँसाहेबांच्या तोंडी आलं की तानांचा पाऊस. दोन घराण्यांचं सगळं भांडण त्या एका पदात कानांना कळतं, संवादाची गरजच नाही.

कळतं म्हणजे, ऐकू आलं तर.

आमच्या मागच्या रांगेत पाच-सहा जणांचं टोळकं होतं. चांगली तिशी-पस्तिशीची माणसं, पोरंटोरं नव्हेत. सुरुवातीपासून गप्पा सुरू. अमक्याच्या लग्नाची तारीख, तमक्याने घेतलेली गाडी. गाणं लागलं की आवाज चढवायचे, कारण गाण्यात त्यांचं त्यांना ऐकू येईना! शेजारी एक बाई आख्खं पद मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. त्या उजेडात अर्धी रांग निळी दिसत होती. पद संपल्यावर तिने ते तिथल्या तिथे लावून पाहिलं, आवाजासकट. पडद्यावर पुढचा प्रसंग सुरू झालेला.

माझ्या डाव्या हाताला धोतर-टोपीतले एक बाबा होते, एकटेच आलेले. बहुतेक बाहेरगावचे, पिशवी पायाशी. गाणं सुरू झालं की त्यांचा उजवा हात गुडघ्यावर यायचा आणि बोटांच्या पेरांवर मात्रा मोजू लागायचा. समेला हलकेच थाप. मी पडद्याइतकंच त्या हाताकडे बघत होतो. मागून हशा पिकला की हात थांबायचा. चुकलेली मात्रा मध्येच पकडायचे नाहीत ते, पुढची सम येईपर्यंत वाट बघायचे आणि तिथून पुन्हा पहिल्या पेरापासून. तक्रारीचा एक शब्द नाही. विन्या, मला त्या थांबलेल्या हाताचा जेवढा त्रास झाला तेवढा त्या बडबडीचाही झाला नाही.

शेंदूर पोटात गेल्याने पंडितजींचा गळा जातो तो प्रसंग तुला माहीतच आहे. भर दरबारात तोंड उघडतं आणि सूर येत नाही. ज्याने सगळं आयुष्य सुरावर काढलं त्याच्याजवळ सूर नाही! तिथे जी शांतता आहे ती गाण्याइतकीच मोलाची आहे, संगीताचाच भाग आहे ती. आणि नेमका तिथे मागे फोन वाजला, आणि त्या गड्याने तो उचलला. ''हा, बोल भो. पिच्चर मा बसेल शे. कापूसना काय भाव निंघना?''

मी उठलो. मागे वळून अहिराणीतच बोललो, कारण मराठीत बोललो असतो तर 'आला मोठा साहेब' झालं असतं. म्हटलं, भाऊ, कापूस तुना बी शे नि मना बी शे, भाव बाहेर जाईसन इचार, आठे लोके गाणं आयकी राह्यनात. तो चपापला. फोन ठेवला. बाजूचा एक मात्र गुरगुरला, आम्हीही तिकीट काढलंय म्हणून. काढलं ना, पण ते तिकीट बसायचं आहे, दुसऱ्याचं ऐकणं बुडवायचं नाही.

मध्यंतरात थिएटरवाल्याकडे गेलो. त्याने खांदे उडवले. म्हणाला, ''कोणाकोणाला सांगू? हे पुणं नाही साहेब, खान्देश आहे. इथली पब्लिक अशीच.''

हे मला मान्य नाही, आणि कधीच होणार नाही. इथली पब्लिक अशी नाही. आपल्याकडे वही गायनाला, आपल्या खान्देशी लोकगाण्याला, माणसं रात्रभर मांडी घालून बसतात. कीर्तनात बुवांनी अभंगाचं चरण उचललं की सगळा मांडव एका श्वासावर असतो, मध्ये कोणी खाकरत नाही. बालगंधर्व लहानपणी याच जळगावात मेहबूबखाँकडे गाणं शिकले. त्यांच्या नावाच्या महोत्सवाला आपण दोघं गेलो होतो, आठवतं? त्या थंडीत शाली पांघरून लोक कसे बसले होते! तीच ही माणसं, तेच हे गाव. ऐकता येत नाही असं नाही, अंधार झाला की आपल्याला कोणी बघत नाही असं वाटतं, एवढंच. त्याला खान्देशचं नाव देऊ नये.

आणि मी काही श्वास रोखून बसा म्हणत नाही. संगीत नाटकाला 'वन्स मोअर'चा गजर होतच होता, पुन्हा पुन्हा तेच पद गाऊन घेत लोक. काल उत्तरार्धात महेश काळेची एक जागा अशी आली की पुढच्या कोपऱ्यातून कोणीतरी ''क्या बात है'' म्हणून ओरडला आणि सगळ्या हॉलमधून टाळ्या आल्या. मागच्या टोळक्यातूनही आल्या, हे मुद्दाम सांगतो. तो आवाज मला हवाच आहे. तान्हं मूल रडलं तरी माझं काही म्हणणं नाही, त्याची आई बिचारी लगेच उठून बाहेर गेली होती. गाण्यासाठी होणारा आवाज आणि गाण्यावर होणारा आवाज, यातला फरक दहा वर्षांच्या पोरालाही कळतो.

सुटल्यावर बाबांना विचारलं, कसा वाटला? म्हणाले, ''राहुलमध्ये आजोबा ऐकू येतात.'' पिशवी उचलून स्टँडकडे निघाले. नाव-गाव विचारायचं मनात होतं, पण त्यांना बस गाठायची होती.

मी या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, सकाळच्या खेळाला. कापूस वेचणीचे दिवस, सकाळी गर्दी नसते. ती दोन्ही 'घेई छंद' मला पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सलग ऐकायची आहेत. तू शनिवारपर्यंत येऊ शकलास तर मी तोवर थांबतो, दोन तिकिटं काढतो. आईने असोद्याची वांगी आणायला सांगितलीच आहेत, भरीत आणि कळण्याची भाकरी होईल. सुट्टी मिळते का ते बघ आणि लगेच फोन कर.

तुझा,
मधू