शेल स्क्रिप्टवाल्या ताईला जाहीर थँक्यू

ताई,

सबमिशन झालं, जर्नलवर सह्या मिळाल्या, म्हणून आता निवांत लिहितीये. मेसेजवर नुसतं थँक्यू टाकलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस, म्हणून सगळ्यांसमोर.

शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या कमांड लिहिलेल्या फाईलमध्ये, बेरीज शिकवणारे ढीगभर भेटतात गं, दोन आकडे रीड करा, $(( )) मध्ये टाका, इको करा, संपलं. तू मात्र पहिल्याच कॉलला मला आकड्याच्या जागी इंग्लिशमध्ये आंबा टाईप करायला लावलास आणि त्यात 5 मिळवायला सांगितलेस, तर उत्तर आलं 5! एरर नाही, काही नाही. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशला वाटतं हे कुठल्यातरी व्हेरिएबलचं नाव असेल, तसलं व्हेरिएबल कुठेच नाही मग किंमत शून्य धरून मोकळं. एरर आलेली परवडली, हे गुपचूप चुकणं जास्त डेंजर.

मग टाकलंय तो आकडाच आहे ना, हा चेक. पॅटर्नशी जुळवून बघणारं =~ आणि पुढे ^[0-9]+$ हे सगळेच पाठ करतात, तू एकेक चिन्ह काढून दाखवलंस. शेवटचं $ काढलं की 12 च्या मागे काहीही चिकटवा, चालतं. ^ काढलं की पुढे काहीही. + च्या जागी * ठेवला तर नुसतं एंटर दाबलं तरी पास! आणि पॅटर्नला कोट्स लावले की तो साधा मजकूर होऊन बसतो, आमच्या बॅचचे कितीतरी जण तिथेच अडकलेले.

आकडा चुकला तर स्क्रिप्ट बंद पाडू नकोस, परत विचार, हे तुझंच. व्हाइल ट्रू, आत रीड, नीट आकडा आला की ब्रेक. छान चाललेलं, तेवढ्यात तू म्हणालीस आता इनपुट कीबोर्डवरून नको, रिकाम्या फाईलमधून दे. बापरे! "आकडा नीट टाका, आकडा नीट टाका" अशी स्क्रीनभर रांग, थांबेचना, शेवटी कंट्रोल-सी. फाईलमध्ये वाचायला काहीच नाही, रीड दर वेळी फेल होऊन परत येतंय आणि लूपला त्याचं सोयरसुतक नाही. रीडच्या पुढे || देऊन एक्झिट लिहिलं, म्हणजे रीड फेल झालं तर बाहेर पड, की मिटलं.

व्हायवाला मात्र 08 कामाला आलं. डेट कमांडकडून महिना घेऊन त्यात 1 मिळवणारी स्क्रिप्ट जुलैपर्यंत गुण्यागोविंदाने चालते, ऑगस्ट-सप्टेंबरला झोपते आणि ऑक्टोबरला आपोआप बरी होते, कारण पुढे शून्य दिसलं की बॅश तो आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या पायाचा, समजतं आणि ऑक्टलमध्ये 8 आणि 9 नसतातच. मी हे आपणहून सांगितलं तर एक्सटर्नलनी स्वतः टाईप करून बघितलं! मग 010 टाकायला सांगितलं, ते चेकमधून सरळ पास होतं आणि किंमत भरते 8. मी पुढे 10# लावून, म्हणजे आकडा दहाच्या पायाचाच धर असं सांगून, दाखवलं, मग त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही.

फॅक्टोरियलला तू 20 ची मर्यादा का घातलीस ते आधी मला उगाच वाटलेलं. 20 चं उत्तर 2432902008176640000 नीट येतं, 21 ला थेट मायनस, 64 बिटमध्ये मावतच नाही. म्हणजे नुसता आकडा आहे का एवढं बघून भागत नाही, केवढा आहे तेही बघायचं. भागाकाराला शून्य अडवणं तर आलंच, आणि पॉइंटनंतरचं हवं तर हिशेब करणारी बीसी कमांड, स्केल 2, म्हणजे पॉइंटनंतर दोन आकडे. फक्त ते राउंड करत नाही, 2 भागिले 3 ला .66 देतं, सरासरी काढताना लक्षात ठेवावं लागतं.

दिवसभर ऑफिस करून रात्री माझ्यासोबत टर्मिनल उघडून बसायचीस, जांभया देत का होईना, आणि उत्तर तयार दिलंस असं कधी झालं नाही. त्याचंच खरं थँक्यू. पुढच्या सेमला ऑक (awk, मजकुरावर काम करणारी भाषा) आहे, शनिवारी तुला वेळ आहे का सांग.

तुझी,
छोटी